शिळ्या पाण्याची बादली

आमच्याकडं नळ आला की आधी पाणी भरत नाहीत, आधी पाणी सांडतात. एकट्या माझ्या घरात नाही, मुकुंदवाडीतल्या आमच्या अख्ख्या गल्लीची हीच रीत. नळ चार दिवसांनी येतो, कधी पाच, कधी आठ. तेवढे दिवस एकेक तांब्या जपून वापरायचा, भांडी विसळलेलं पाणी फरशीला, फरशीचं पाणी संडासला. अन् तोटी खुरखुरली की उरलंसुरलं सगळं अंगणात नाहीतर रस्त्यावर. हंडे घासायचे, पिंपात कमरेपर्यंत वाकून आतून खरवडायचं, मग ताजं भरायचं. शिळं पाणी घरात ठेवायचं नसतं. का, ते मला विचारू नका. माझ्या आईनं ठेवलं नाही, तिच्या आईनं ठेवलं नाही. पाण्यावरून एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या आम्हीच बाया, अन् नळाच्या दिवशी आमच्याच दारातून पाण्याचे पाट वाहतात.

माझ्या मोरीच्या कोपऱ्यात मात्र एक निळी बादली तशीच असते. भरलेली, उघडी, दोन-तीन दिवसांच्या पाण्याची. कुणी नवीन बाई घरी आली की हमखास म्हणते, "अहो, ही राहिली की सांडायची." मी म्हणते, "राहू द्या." आवाज जरा चढतो माझा, मला कळतं ते. राग माझ्या नाकावरच असतो. पण त्या बादलीला कुणी हात लावलेला मला चालत नाही. ती माझ्या सासऱ्यांची आहे.

आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात मामा, माझा नवरा अन् मी. मामा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात होते, तपासणी खात्यात. यंत्रावरून निघालेला माल हातात घ्यायचा, फिरवून बघायचा, खराब तेवढा बाजूला काढायचा. आयुष्यभर हेच केलेलं, त्यामुळं माणूस बोलायला कमी अन् बघायला जास्त. मी पडले तोंडाळ. माहेरी आमच्याकडं दहा माणसं अन् दहाही एका वेळी बोलणारी. इथं मी चहा ठेवायचे, ते "हं" म्हणायचे. ताट वाढायचे, ते "बास" म्हणायचे. डोक्यावरचा पदर सावरत मी स्वयंपाकघरात अन् ते बाहेरच्या खोलीत, असा आमचा संसार चालला होता.

ते निवृत्त झाले तेव्हा कारखान्यातल्या लोकांनी विचारलं, काय देऊ? सगळ्यांना भिंतीवरचं घड्याळ देतात. मामा म्हणाले, "घड्याळ नको. आजवर घड्याळाकडंच बघितलं. मला माशांची पेटी द्या." लोक हसले असतील. पण दिली. टेम्पोतून काचेची पेटी आली, दोन हात लांब, एक हात उंच. सोबत पंप, बारीक दगड अन् प्लास्टिकच्या पिशवीत पाच मासे. चार तांबूस सोनेरी अन् एक काळा, बटबटीत डोळ्यांचा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेक तेव्हा वर्षाची, दुपट्यांचा ढीग, नळ पाचव्या दिवशी. त्यात हा दुष्काळात तेरावा महिना. सासऱ्यांना तोंडावर कसं बोलणार? म्हणून मी नवऱ्याला बोलले, बाहेरच्या खोलीत नीट ऐकू जाईल अशा बेतानं. "गावाकडं माझी आई हापशावर तास तास उभी राहते, अन् इथं माशांना पोहायला चार घागरी पाणी! हौस बघा लोकांची!" लेकी बोले सुने लागे म्हणतात, इथं नवऱ्याला बोललेलं सासऱ्याला लागलं.

आठ दिवसांनी त्यांनी पेटीतलं बादलीभर पाणी नळीनं ओढून काढलं अन् माझ्या कढीपत्त्याला घातलं. तो कढीपत्ता मी माहेराहून आणून लावलेला. दोन वर्षांत वीतभर वाढला नव्हता, माझ्यासारखाच रुसून बसलेला. मामा दर आठवड्याला त्याला माशांचं पाणी घालायला लागले. दोन महिन्यांत त्यानं असा जोर धरला की शेजारणी फोडणीच्या वेळी फांदी मागायला यायला लागल्या. एके दिवशी मी पानं तोडत होते, तर मागून आवाज आला. "माशानं वापरलं, झाडानं प्यालं. सांडलं कुठं, पोरी?"

इतकं लांब वाक्य ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले होते. मला हसू आलं अन् लाजही वाटली.

मग मी रोज पेटीपाशी जाऊन उभी राहायला लागले. मामा सकाळी अंघोळ झाली की पेटीसमोर स्टूल घेऊन बसायचे अन् हजेरी घ्यायचे. खरोखरची हजेरी. "एक, दोन, तीन, चार. सुपरवायझर?" काळ्या माशाचं नाव त्यांनी सुपरवायझर ठेवलं होतं, कारण तो काम काही करायचा नाही, नुसता डोळे वटारून सगळ्यांच्या मागं फिरायचा. कुणी दगडाआड असला तर तो बाहेर येईपर्यंत मामा चहाला हात लावायचे नाहीत. "नुसतं मोजायचं नसतं," म्हणायचे. "कोण कल्ला कसा हलवतोय, कुणाचं पोट फुगलंय, कोण एकटाच कोपऱ्यात बसलाय, हे बघायचं. मासा बोंबलत नाय. त्याचं दुखणं आपल्यालाच कळावं लागतं."

खाणं किती द्यायचं? चिमटीत मावेल त्याच्यापेक्षा कमी. माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं. मी म्हणाले, "मग सुपरवायझरला चौपट द्या." मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पाणी बदलायचं ते आठवड्याला पाव पेटी, एकदम कधीच नाही. अन् नवीन घालायचं ते नळाचं थेट नाही. नळाचं पाणी निळ्या बादलीत काढायचं, उघडं ठेवायचं, दोन दिवस तिला शिवायचं नाही. "ताजं पाणी माणसाला. माशाला शिळं." हे त्यांनी मला एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. मी मान हलवली. पण आईनं लहानपणापासून हाताला लावलेली सवय एका बाजूला अन् सासऱ्यांचं एक वाक्य दुसऱ्या बाजूला, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

त्या वर्षांत वीज दिवसातून कितीतरी तास जायची. वीज गेली की पंप बंद, पंप बंद की पाण्यात हवा नाही. मग मामा तांब्यानं पेटीतलंच पाणी काढून वरून धार धरायचे, पुन्हा काढायचे, पुन्हा धार. महादेवाला अभिषेक चालावा तसं. त्यांचा हात भरून आला की तांब्या मी घ्यायचे. ते स्टुलावर, मी उभी, दोघांची नजर माशांवर. एकमेकांकडं बघायचंच नव्हतं, त्यामुळं बोलायला सोपं गेलं. पदर खांद्यावर आला तरी दोघांच्याही ध्यानात यायचं नाही. मी माहेरच्या दहा माणसांच्या दहा भानगडी सांगायचे. ते एकदा म्हणाले, "हिला पाण्याकाठी बसायला लई आवडायचं. हर्सूलच्या तळ्यावर एकदाच नेलं मी. कायम शिफ्ट, कायम ओव्हरटाइम. म्हणलं होतं, रिटायर झालो की रोज नेतो." हिला म्हणजे सासूबाईंना. मी धार धरून राहिले. ही पेटी कुणासाठी आलीय ते मला त्या दिवशी कळलं.

अशी दोन वर्षं गेली. आता मागं वळून बघते तर माझ्या सगळ्या आयुष्यात इतकं निवांत बोलणं दुसऱ्या कुणाशी झालं नाही. तेव्हा वाटायचं, हे असंच चालायचं आहे.

मग थोरल्या दिरांचा पुण्याहून फोन आला. दोघं नवरा-बायको नोकरीला, पोरांना सांभाळणारी बाई सोडून गेलेली. अण्णांना, म्हणजे आमच्या मामांना, पाठवा, चार महिन्यांची तर गोष्ट आहे. मामांना विचारलं कुणी नाही, कळवलं. ते "बरं" म्हणाले.

निघायच्या सकाळी त्यांनी हजेरी घेतली. पेटी अन् फोन बाहेरच्या खोलीत एकाच मेजावर होते, त्यांच्याकडं बोट करून म्हणाले, "दर रविवारी धा वाजता फोन करीन. हजेरी सांगायची. अमानत हाय ही, पोरी. सांभाळ." मग पिशवी उचलली अन् दारात उभे राहिले. पिशवीचा बंद सारखा करत राहिले. बंद चांगला होता, त्याला काही झालं नव्हतं. माझ्याकडं बघितलं, पुन्हा बंदाकडं बघितलं.

मला कळत होतं त्यांना काय हवं होतं. मी म्हणायला हवं होतं, "मामा, नका जाऊ. मला एकटीला जमायचं नाय." एवढंच. रस्त्यानं जाणाऱ्याशी भांडण उकरून काढणारी मी, तेव्हा मूग गिळून गप्प बसले. का? खरं सांगते, लपवून काय उपयोग. मनात आलं होतं, चार महिने एक ताट कमी, डोक्यावर पदर नाही, जरा मोकळं वाटेल. ते गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मोकळं स्टूल बघितलं अन् मोकळं वाटायचं ते तिथंच संपलं.

चार महिने दिवाळीला भरणार होते. वसुबारसेला मामा येणार, असं ठरलेलं. मी रोज हजेरी घेत होते, पाव पेटी पाणी बदलत होते, निळी बादली पाळत होते. रविवारी फोन आला की, "पाच हजर, मामा." "सुपरवायझर?" "दादागिरी करतोय." "जरा फोन धर पेटीजवळ." मी फोन काचेला लावायचे. पंपाची बुडबुड ऐकत ते पलीकडं गप्प बसायचे, मग फोन ठेवायचे.

दिवाळीच्या तोंडावर मोठी पाइपलाइन फुटली अन् नळ आठ दिवस आला नाही. घराघरात कुरबुरी, भांडणं, टँकरमागं धावाधाव. निळी बादली भरलेली होती, पण पुढचं पाणी कधी मिळेल या भीतीनं तिला हात लावला नाही; पेटीचं पाणी बदलायचं राहून गेलं, काचेला हिरवं धरलं, पाणी पिवळट दिसायला लागलं. अन् वसुबारसेच्या आदल्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला तोटी खुरखुरली. काय तो आवाज! सगळ्या गल्लीत आरडाओरडा, "आला गं, आला!" पाण्याला जंतू मारायच्या पावडरचा वास भपकन येत होता, पण जोर असा की हंडा डोळ्यांदेखत भरावा.

मी पिसाटले. सगळी भांडी उपडी केली, घासली. मग डोळा पेटीवर गेला. उद्या मामा येणार अन् पेटी अशी कळकट? म्हणतील, हिच्याच्यानं एवढंही झालं नाही. मासे पातेल्यात काढून ठेवले. पेटीतलं सगळं पाणी उपसून कढीपत्त्याला घातलं. काच काथ्यानं घासली, दगड एकेक करून चोळले, पांढरेशुभ्र होईपर्यंत. निळी बादली हातात घेतली तेव्हा हात थांबला होता, मला पक्कं आठवतंय. पण दिवाळी तोंडावर, घरात शिळं पाणी कसं ठेवायचं? उपडी केली. पेटी काठोकाठ ताज्या पाण्यानं भरली अन् मासे सोडले. पंप लावला. काच अशी लखलखली की मी लेकीला कडेवर घेऊन दाखवलं, "बघ, माशांची दिवाळी." मामा दारातून आत येतील, पेटीकडं बघतील अन् काय म्हणतील, ते मी मनातल्या मनात दोन-तीनदा ऐकूनही घेतलं.

करायला गेले गणपती अन् झाला मारुती. अर्ध्या तासात चारही तांबूस मासे वर आले अन् तोंड उघडून पाण्याबाहेरची हवा ओढायला लागले. मला वाटलं, भूक लागली. मी खाणं टाकलं! मग एक जण आडवा झाला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ताजं पाणी माणसाला.

तांब्यानं धार धरली, पण धार त्याच पाण्याची. बदलायला शिळं पाणी हवं होतं अन् ते मी अर्ध्या तासापूर्वी ओतलं होतं. बादली घेऊन धावले. शेजारणीकडं, "शिळं पाणी आहे का हो?" ती माझ्याकडं वेड्यासारखी बघायला लागली. "अगं बाई, आज कुठलं शिळं? आत्ताच ओतलं." दुसऱ्या घरी, "नाय गं, पिंपसुद्धा घासून झालं." तिसऱ्या घरी, चौथ्या घरी, तेच. आठ दिवस जीवापाड जपलेलं सगळ्या गल्लीचं शिळं पाणी माझ्या पायांखालून गटाराकडं चाललं होतं अन् मला त्यातलं बादलीभर कुठं मिळत नव्हतं.

गल्लीच्या टोकाला एक म्हातारी मुसलमान बाई राहायची, सगळे तिला खाला म्हणायचे. गुडघ्यांनी अधू, दिवसभर एकटी. मुलगा संध्याकाळी कामावरून आला की तिचं पाणी भरायचा, म्हणून तिच्या रांजणातलं जुनं पाणी तसंच होतं. मी दारातूनच ओरडले. ती म्हणाली, "ले जा बेटा, पूरा ले जा. मेरेकू बासी पानी का क्या करना? लेकिन तू रोती कायकू?" मी रडत होते, हे मला तिनं सांगितल्यावर कळलं.

घरी पोचले तेव्हा चारही तांबूस मासे आडवे होऊन पाण्यावर तरंगत होते. सुपरवायझर तेवढा तळाला दगडाशी चिकटून कल्ले हलवत होता. त्याला खालाच्या पाण्यात टाकलं. तो जगला. चौघांना मी कढीपत्त्याखाली पुरलं. नवरा म्हणाला, "मासेच तर होते, एवढं काय?" त्याला मी असं बोलले की बिचारा त्या दिवशी बाहेरच जेवला.

आता उद्या मामा येणार, काय तोंड दाखवू? अन् दुपारी पुण्याहून फोन. दीर पोरांना घेऊन सुट्टीत फिरायला निघालेत, घर राखायला कुणी नाही, मामा आता दिवाळीनंतर येतील. मला हायसं वाटलं. ज्या माणसासाठी सकाळी पेटी घासली, तो माणूस दिवाळीला घरी येत नाही म्हणून मला हायसं वाटलं! इतकी शरम मला आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटली नाही. मग मामा फोनवर आले. "हजेरी?"

"पाच हजर, मामा."

तोंडातून निघून गेलं. एकदा निघालं ते परत घेता आलं नाही.

मी औरंगपुऱ्यातल्या माशांच्या दुकानात गेले. दुकानदारानं नीट समजावलं. नळाच्या पाण्यातली पावडर माशांचे कल्ले जाळते, पाइपलाइन दुरुस्त झाल्यावर ती जास्त टाकतात, अन् दगडांवरचा तो चिकट थर घाण नसतो, तोच पाणी राखतो. "पाणी मुरू द्यावं लागतं, ताई." तिथं पेटीत हुबेहूब तसेच तांबूस मासे फिरत होते. चार घेतले असते तर पेटी भरली असती. पण हजारांतून एक वाकडा नग काढणारा माणूस फसणार होता का? अन् फसला असता तरी काय? अमानतीचा दागिना हरवून तसाच दुसरा घडवून ठेवला तर ती चोरीच की. मी नुसती माहिती घेऊन परत आले.

दिवाळीनंतर मामा आले नाहीत. मग पोरांच्या परीक्षा झाल्या, मग जाऊबाईंचं ऑपरेशन झालं, मग पावसाळा आला. दर रविवारी धा वाजता फोन. "समदं बरं ना?" "सगळं झ्याक आहे मामा, तुम्ही काळजी करू नका." "हजेरी?" "पाच हजर." मग काचेला फोन. एकट्या माशाच्या पेटीत पंप बुडबुडत राहायचा अन् तिकडं ते ऐकत बसायचे.

अन् इकडं मला ते हवे होते. खूप हवे होते. वीज गेली की मी एकटी धार धरायचे. माहेरच्या भानगडी कुणाला सांगू? नवरा पेपर वाचत "हं" म्हणायचा, पण त्याचं "हं" अन् मामांचं "हं" यात जमीन-अस्मानाचा फरक. दर रविवारी "मामा, घरी या" असं ओठांवर यायचं, तेवढ्यात नजर पेटीवर जायची. ते आले तर सगळं उघडं पडणार. चार माशांपायी मी एका माणसाला वर्षभर घरी बोलावलं नाही.

मग एका बुधवारी सुपरवायझर तिरका पोहायला लागला. पोट वर, डोकं खाली, सरळ व्हायला बघायचा अन् पुन्हा उलटायचा. मी तास-दीड तास त्याच्यासमोर बसले. हाही गेला तर आता हजेरी कुणाची सांगायची? फोन उचलला अन् मीच पुण्याला लावला. मामाच आले फोनवर, घाबरलेले. बुधवारी कधी फोन जात नव्हता.

"मामा, सुपरवायझर उलटा पोहतोय. मला काही कळेना." अन् त्याच दमात, नाहीतर पुन्हा धीर झाला नसता, "अन् बाकीचे चार नाहीत. गेल्या दिवाळीला गेले. मीच मारले, नळाचं ताजं पाणी घालून."

इकडं पंप बुडबुडतोय.

"म्हंजे वरीसभर तू मला..."

"व्हय, मामा."

मी ओरडा खायला तयार होते. खरं तर मला तो हवाच होता. पण ते अगदी हळू म्हणाले, "अगं पोरी, मला वाटलं, तुझं माझ्याबिगर लई झ्याक चाललंय. दर रविवारी समदं बरं, समदे हजर. म्हणलं, मग आता आपण कशाला जायचं. कुणाचं काय अडलंय."

मी फोन धरून खाली फरशीवर बसले. मला वाटत होतं, मी त्यांचं मन राखतेय. अन् ते तिकडं रविवारमागून रविवार ऐकत होते की त्यांची इथं काही गरज उरलेली नाही.

"अडलंय मामा," मी म्हणाले. "या."

"त्याला खायला घालू नको दोन दिस. उद्याच्या गाडीनं निघतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते एसटीनं आले. वाळले होते. पाय धुतले नाहीत, पाणी घेतलं नाही, थेट पेटीपुढं जाऊन उभे राहिले. बराच वेळ बघितलं. "एक हजर," म्हणाले. मग माझ्याकडं वळले. मी खाली मान घालून उभी. ते म्हणाले, "आमच्या खात्यात माल खराब करणाऱ्याला कधी घरी धाडलं नाय. खराब माल लपवणाऱ्याला मात्र त्याच दिशी धाडायचो." मग म्हणाले, "आता तुला कुठं धाडू? म्हणून मीच घरी आलो." अन् त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, लग्नानंतर पहिल्यांदा.

सुपरवायझरला दोन दिवसांनी त्यांनी उकडलेल्या मटारचा दाणा साल काढून बारीक करून खाऊ घातला. तिसऱ्या दिवशी तो सरळ झाला अन् पुन्हा डोळे वटारायला लागला. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं जाऊन चार नवे मासे घेऊन आलो. पाणी मी मुरवलेलं होतं. मामा नुसते स्टुलावर बसून बघत होते. "जमतंय की," म्हणाले.

त्यानंतर मामा चौदा महिने होते. पुण्याहून पुन्हा बोलावणं आलं तेव्हा मी फोन हिसकावून घेतला अन् दिरांना सांगितलं, "नाही पाठवणार. माझं अडतं." चौदा महिन्यांनी थोड्याशा आजारानं ते गेले, स्वतःच्या घरात, पेटी दिसेल अशा खाटेवर. सुपरवायझर त्यांच्यामागं अडीच वर्षं जगला. पुढं लेकीच्या बारावीच्या वर्षी पेटीची काच तडकली, ती काढून टाकली. निळी बादली राहिली. तिचं पाणी कढीपत्त्याला जातं.

चौदा महिने कमी नव्हते, असं लोक म्हणतील. पण मला ते मधलं वर्ष हवंय. ते त्यांचं होतं, माझं होतं, अन् मी ते "पाच हजर" म्हणून घालवलं. अजून कधी दुपारी वीज गेली की हात आपोआप तांब्याकडं जातो. मग आठवतं, पेटी नाही अन् स्टुलावर कुणी नाही.

लेक आता बंगळुरूला नोकरीला असते. रविवारी सकाळी तिचा फोन येतो. "आई, सगळं ठीक ना?" मी दोन वर्षं म्हणत आले, "सगळं मस्त आहे गं, तू तुझं काम बघ." पोरीला तिथं घोर नको, म्हणून. परवाच्या रविवारी नळ आला होता. मी सगळं सांडून, घासून, भरून मोरीत बसले होते. कोपऱ्यात निळी बादली तेवढी भरलेली. फोन वाजला. "आई, सगळं ठीक ना?"

"सगळं म" इथपर्यंत आलं होतं तोंडात.

"नाही," मी म्हणाले. "काही ठीक नाही."

"काय झालं? बाबांना काय झालं?"

"कुणाला काही झालं नाही. मला तुझ्यावाचून करमत नाही. माझं अडतं."

"मला वाटलं, आई, तुला आता सवय झाली. माझी काही गरज नाही राहिली तिथं."

"नाही झाली गं," मी म्हणाले. "ये."